दारावरची उजळणी

३ ऑक्टोबर १९९६, गुरुवार

नोटीस लागली! पाण्याच्या माठाच्या वर, येता-जाता प्रत्येकाला दिसेल अशी. दारावरच्या सगळ्या गार्ड लोकांची सर्टिफिकेटं संपली आहेत, ती वर्षभराचीच असतात म्हणे. आता 'रिफ्रेशर'. सात तारखेपासून पाच दिवस, सिगरा भागातल्या एका शाळेच्या मैदानावर. शेवटच्या दिवशी परीक्षा. जो नापास होईल त्याला कार्तिकात दारावर उभं करणार नाहीत, चपलांच्या स्टँडवर बसवतील.

चपलांचं स्टँड! दीड वर्ष मी घाटावरच्या मराठी संस्थानच्या लक्ष्मीनारायणाच्या दारात उभी आहे. खाकी सलवार-कमीज, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. चौतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी 'थांबा' म्हटलं आणि कोणीतरी थांबलं. घरी मी थांबा म्हटलं तर दूधसुद्धा थांबत नाही. आणि आता टोकन वाटत चपला मोजायच्या? छे.

पण भिण्यासारखं काय आहे त्यात? जे रोज करते तेच पुन्हा शिकायचं. उजळणीत कोणी नापास होतं का?

७ ऑक्टोबर, सोमवार

झाली सुरुवात. आम्ही अकराजण, त्यात बायका दोनच – मी आणि फुलमती. फुलमती माझ्याबरोबर त्याच दारावर असते, स्त्रियांच्या बाजूला. धोब्याच्या घरची. नवरा घाटावर कपडे धुतो. माझ्यापेक्षा लहान, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची माणसं वळून बघतील.

शिकवायला गोपीनाथ सिंह म्हणून एक रिटायर्ड सुभेदार आहेत. मिशा इस्त्री केलेल्या. आल्या आल्या म्हणाले, दारावर उभा असलेला माणूस दोनच चुका करतो – एक तर कोणालाच आत सोडत नाही, नाही तर ओळखीच्याला सोडतो. पहिल्या चुकीने शिव्या मिळतात, दुसरीने माणसं मरतात.

नंतर आग विझवायचं नळकांडं चालवलं. माझ्या हातून पिन निघेना. फुलमतीने दाताने काढली, तर तिला ओरडा खावा लागला आणि दात न लावल्याबद्दल मला फुकटची दाद मिळाली. असो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पाय! पाय! पाय!

९ ऑक्टोबर, बुधवार

पितृपक्ष चालू आहे. हे सकाळी सहाला भिक्षुकीला बाहेर पडतात ते संध्याकाळी येतात. नागपूर-अमरावतीकडचे यजमान आलेत, एकेक घाटावर तीन-तीन श्राद्धं. घरात सासूबाईंचं सोवळं एरवीच कडक, या पंधरवड्यात तर विचारूच नये. माझा युनिफॉर्म जिन्यातल्या खिळ्यावर राहतो, उंबऱ्याच्या आत येत नाही. मी आल्या आल्या नळाखाली, मग स्वयंपाकघर. मैत्रेयी म्हणते, "मम्मी, तुम रोज दो बार नहाती हो, मैं एक बार में थक जाती हूँ." अकरा वर्षांची कार्टी, घरात मराठी बोल म्हटलं की मराठीत हसते आणि हिंदीत उत्तर देते.

सासूबाईंना ही नोकरी आवडत नाही. तसं बोलून दाखवत नाहीत. गल्लीत कोणी विचारलं तर 'संस्थानात असते' एवढंच सांगतात. खोटं नाही, खरंही नाही.

आज झडतीचे धडे झाले. तळहाताने नाही, हाताच्या पाठीने. खांदा, काख, कंबर, निऱ्या, गुडघा, घोटा. या क्रमाने, दर वेळी, प्रत्येकीला. सुभेदार स्वतः बायकांना शिकवताना तीन हात लांब उभे राहतात आणि एका गोणीवर दाखवतात. गोणीला कंबर कुठे असते हे त्यांनाच ठाऊक.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

नापास.

लिहिते. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

मैदानाच्या फाटकाला देऊळ मानलं होतं. एकेकीने यायचं, आम्ही तपासायचं. सुभेदारांनी पोलिसातल्या बायका साध्या वेषात बोलावल्या होत्या. फुलमतीकडे एक नवरी आली, एक गरोदर बाई आली (पोटात उशी!), तिने सगळ्या पकडल्या. माझ्याकडे पहिल्या दोघी सरळ निघाल्या. तिसरी म्हातारी. अंगावर ओलं पांढरं लुगडं, हातात तांब्या, केसांतून पाणी गळतंय. मी हात पुढे केला तशी ती अंग चोरून म्हणाली, "छूना मत बेटी, नहा के आ रहे हैं."

आणि माझा हात मागे आला!

मी ठरवलं नाही. विचार केला नाही. तव्याला लागल्यावर येतो तसा आपोआप आला. लहानपणापासून ऐकलंय – शिवू नकोस, आजी सोवळ्यात आहे. शिवू नकोस, नैवेद्याचं आहे. सासरी आल्यावर तेच. हात शिकलाय ते. मी बाजूला सरले आणि वर नमस्कारही केला!

म्हातारी चार पावलं आत गेली, वळली आणि निऱ्यांमधून डबा काढला. डब्यात गजराचं घड्याळ. तेवढ्यात ते वाजलंही. बाकीचे दहाहीजण हसले. सुभेदार हसले नाहीत. म्हणाले, "बकुळजी, अंदर तीन सौ आदमी थे."

परत येताना टेम्पोत फुलमती शेजारी होती. मी म्हटलं, ती छूना मत म्हणाली, मग मी काय करू? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हमसे तो सब दिन से यही कहते आए हैं लोग. पूरी गली कहती थी. अब वर्दी है, तो छू लेते हैं."

रागाने म्हणाली नाही. पाऊस येईल असं म्हणावं तसं म्हणाली.

१२ ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री

दोन बातम्या. चांगली आधी: आणखी एक संधी आहे, एकोणीस तारखेला. संस्थानचे सेक्रेटरी रत्नाकरराव यांनी सुभेदारांना गळ घातली. मराठी बाई दारावर हवी, घाटावरून येणाऱ्या आपल्या बायकांना हिंदीत दरडावलेलं सहन होत नाही, वगैरे. वाईट बातमी: पुन्हा चुकले तर रत्नाकररावही काही करू शकणार नाहीत. गेल्या कार्तिकात गाभाऱ्यातली चांदीची निरांजनं गेली होती – कोणाच्या तरी पदराखालून. कार्तिकस्नानाच्या महिनाभरात दाराशी येणारी दर दुसरी बाई ओल्या लुगड्यातली असते. तिलाच मी हात लावणार नसेन तर मी तिथे कशाला?

ह्यांना सांगितलं. श्राद्धांनी दमून आले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, चपलांच्या स्टँडवर निदान बसायला तरी मिळेल. मग माझं तोंड बघून म्हणाले, थट्टा केली गं. वेळ-काळ नाही थट्टेला!

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज नवल घडलं. सासूबाई स्वतःहून बोलल्या.

भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, त्या परीक्षेत नक्की काय झालं ते नीट सांग. सांगितलं. डबा, घड्याळ, सगळं. वाटलं म्हणतील, बरं केलंस शिवली नाहीस. पण त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, "लोकरीला विटाळ नसतो."

मला कळेना.

"अगं, धाबळी. लोकर, रेशीम – शिवलं तरी बाधत नाही. लोकरीचे मोजे घाल हाताला. मग शीव की खुशाल कोणालाही."

शास्त्रात वाट काढावी तर सासूबाईंनी!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जुनी धाबळी निघाली ट्रंकेतून, कसर लागलेली. मामंजींची. सासूबाईंनी त्यातून दोन हातमोजे बेतले. अंगठा एकीकडे, चार बोटं एकीकडे. पोळीचा तवा उतरवायला छान. दुपारभर आम्ही दोघी शिवत बसलो होतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, इतका वेळ शेजारी बसल्याचं आठवत नाही. त्यांनी त्यांच्या लहानपणाचं सांगितलं – बालाजी घाटावर पहाटे पोहायला शिकल्या ते. सासूबाई पोहतात! मला आज कळलं.

मन हलकं आहे. होईल सगळं नीट.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सरावाला फुलमतीला घरी बोलावलं. घरी म्हणजे जिन्याखालच्या ओट्यावर. मी तिला वर चला म्हटलं असतं, पण सासूबाईंना विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही हे खरं.

मोजे बघून ती इतकी हसली की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. मग म्हणाली, ठीक, बघू. तिने कुठे काय लपवलंय ते मी ओळखायचं. पहिल्यांदा – काही नाही म्हटलं, तर काखेतून चावी निघाली. दुसऱ्यांदा – कमरेला सुतळीने बांधलेली सुरी. तिसऱ्यांदा मी दोनदा तपासून छातीठोक सांगितलं, काही नाही. तिने निऱ्यांमधून अख्खी बूटपॉलिशची डबी काढून ओट्यावर ठेवली.

मोज्यातून काही कळत नाही. जाड लोकर, सगळं सारखंच लागतं. हात लावल्यासारखा होतो आणि लागत नाही. सोवळंही सांभाळलं जातं आणि चोरही सुखरूप आत जातो.

सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. मध्येच खाली आल्या, फुलमतीला पाणी दिलं. वरून, ओंजळीत. भांडं दिलं नाही. ती प्यायली, तोंड पुसलं, 'अच्छा अम्मा' म्हणाली आणि गेली. मला इतकी लाज वाटली. माझ्या परीक्षेसाठी तीन किलोमीटर चालत आलेली बाई, तिला पेला दिला नाही. आणि मी पण उठून दिला नाही, ते जास्त.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज बोलले. जेवताना. म्हटलं, आई, मोज्यांनी जमत नाही. हात लावावाच लागेल. आणि टेम्पोत फुलमती काय म्हणाली तेही सांगितलं, जसंच्या तसं. वर्दी आहे म्हणून शिवता येतं, असं.

हे ताटाकडे बघत होते. सासूबाईंनी ताक वाढलं. "तिच्या घरी कोण कोण आहे?" एवढंच विचारलं. मी सांगितलं – नवरा, सासू, दोन मुली. मोठी पाचवीत आहे, इंग्रजी शाळेत घालायचीय तिला. सासूबाई हं म्हणाल्या आणि उठल्या.

मी भांडणाची तयारी करून बसले होते. वाया गेली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मैत्रेयीवर सराव. खांदा, काख, कंबर. ती गुदगुल्यांनी लोळते. सरावाच्या नावाने शिमगा.

एक ठरवलंय. समोरची 'शिवू नको' म्हणाली की मनात सुभेदारांची तीनशे माणसं आणायची. त्यात हे असतील, मैत्रेयी असेल, रत्नाकररावही असतील (असू देत बिचारे). बघू हात मागे येतो का.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पास! पास! पास!

नीट लिहिते. सकाळी दहाला फाटकाशी उभी राहिले. सुभेदारांनी यावेळी एकापाठोपाठ सहाजणी पाठवल्या. चौथी तीच म्हातारी. पण आज ओली भगवी साडी, गळ्यात माळ, हातात फुलांची परडी, आणि आल्या आल्या ओरडायलाच लागली. धर्म बुडाला, पोलिसांचं राज्य आलं, मी संकठा घाटावरून अनवाणी आले, तुझ्या हाताने मला बाटवणार का? नाटकात कामं करत असणार ही बाई. आजूबाजूचे तिला खरंच वाट द्यायला लागले!

माझा हात हलला. मागे यायला लागला, खोटं कशाला सांगू. पण अर्ध्यावर थांबला. मी म्हटलं, "माताजी, हाथ तो लगेगा. आपको बुरा लगेगा, हमें भी अच्छा नहीं लगता. नदी सामने है, फिर नहा लीजिएगा. इन लोगों के सामने दूसरा जनम नहीं है."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं देव जाणे. ठरवलेलं नव्हतं.

आणि हात लावला. ओल्या कापडाला, थंडगार. खांदा, काख, कंबर, निऱ्या. गुडघ्यापाशी लागलं काहीतरी टणक. काढलं तर साबणाची डबी, आत तार आणि सेल. म्हातारी एकदम गोड हसली आणि म्हणाली, "शाबाश बिटिया." तिच्या अंगाला हात लागला तर ती एक साधी बाई होती, थंडीने काकडलेली. एवढंच. मी किती वर्षं कशाला भीत होते?

परडी मात्र मी आधी जमिनीवर ठेवायला सांगितली आणि मग बघितली, घरी देवाचं हातोहात न देता खाली ठेवून देतो-घेतो तशी. सुभेदारांनी ते टिपून घेतलं. म्हणाले, हे चांगलं, दोन्ही हात मोकळे राहतात बाईचे, सगळ्यांना शिकवतो. सासूबाईंकडून शिकले म्हटलं. त्यांना वाटलं सासूबाईही पोलिसात होत्या!

फुलमती पहिली आली. अकरांत पहिली. पुरुषांची तोंडं बघण्यासारखी होती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सर्टिफिकेट हातात. माझं नाव 'वकुल' लिहिलंय. राहू दे. ह्यांनी काच लावून आणतो म्हटलं. मी म्हटलं, वर्षाचं आहे हो, पुढच्या साली पुन्हा उजळणी. म्हणाले, मग काच काढून पुढचं घालू. कधी कधी हा माणूस बरा बोलतो.

सासूबाईंनी सर्टिफिकेट लांब धरून वाचलं. मग विचारलं, "आणि ती?" पहिली आली म्हटल्यावर मान डोलावली. आज माझा युनिफॉर्म खिळ्यावर नव्हता. धुऊन, झटकून आतल्या दोरीवर वाळत घातला होता. कोणी घातला विचारलं नाही. ह्यांना दोरी सापडत नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

रत्नाकररावांनी कार्तिकाची व्यवस्था सांगितली. स्त्रियांच्या दोन रांगा. डावीकडे मी, उजवीकडे फुलमती. दोघींपुढे एकेक चौरंग, परडी-तांब्या त्यावर ठेवायचा. मी विचारलं, रांगा सारख्या राहतील का? ते गडबडले. त्यांनाही ठाऊक आहे. घाटावरच्या आपल्या सगळ्या बायका माझ्याकडे येणार, पार गल्लीपर्यंत. फुलमतीपुढे कोणी उभं राहायचं नाही. ते म्हणाले, आता कोणी कुठे उभं राहावं हे आपण कसं सांगणार? बरोबर आहे. तेवढं उजळणीत शिकवत नाहीत.

फुलमतीला सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आराम मिळेल मला. आणि तिने पट्ट्याचं बक्कल घासायला घेतलं. उजळलेलं होतं, तरी घासत होती.

२६ ऑक्टोबर, शनिवार. कोजागिरी

दूध आटवलं. उद्यापासून कार्तिकस्नान. सासूबाईंनी उद्याचं लुगडं काढून ठेवलंय. स्नान करून तशाच देवळात येणार, दर वर्षीसारख्या. म्हणजे उद्या मला त्यांची झडती घ्यायची! मी म्हटलं, आई, हात लागेल हं. "माहीत आहे," म्हणाल्या.

हात लागेल. चौदा वर्षांत ओल्या लुगड्यातल्या सासूबाईंच्या सावलीलाही मी लागले नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहाटे पाचपासून दारावर. म्हटलं होतं तसंच झालं – माझी रांग गल्लीच्या वळणापर्यंत, फुलमतीपुढचा चौरंग रिकामा. ती ताठ उभी होती, समोर बघत.

सासूबाई घाटावरून आल्या. ओलं लुगडं, हातात तांब्या. बायकांनी त्यांना पुढे वाट दिली. मी हात पुसले. त्या माझ्यासमोरून गेल्या, थांबल्या नाहीत. फुलमतीच्या चौरंगावर तांब्या ठेवला आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.

फुलमतीने माझ्याकडे बघितलं. मग तिने खांद्यापासून सुरुवात केली. खांदा, काख, कंबर, निऱ्या, गुडघा, घोटा. सगळं, क्रमाने. "जाइए अम्मा," म्हणाली. आवाज एवढासा.

सासूबाई परत स्नानाला घाटाकडे वळल्या नाहीत. तांब्या उचलला आणि तशाच आत गेल्या.

मग माझ्या रांगेतली पहिली बाई उजवीकडे सरकली, आणि तिच्यामागून दुसरी.